सुपरहिरोचं झुकलेलं मनगट

1956 सालच्या जुलैच्या अंकात गॉथम शहरात एक बाई मोटरसायकलवरून अवतरली. अंगात पिवळा तंग पोशाख, पाठीवर लाल केप, डोळ्यांवर मुखवटा आणि सोबत चक्क पर्स. कॅथी केन तिचं नाव, गुन्हेगारांसाठी बॅटवुमन. बॅटमनच्या कमरपट्ट्यात दोर आणि नाना यंत्रं असतात. हिच्या पर्समध्ये निघाली शिंका आणणारी फेस पावडर, अश्रुधुराने भरलेली अत्तराची कुपी, मुळात बेड्या असलेली कांकणं आणि फेकली की पसरणारी केसांची जाळी. गुंडांना ठोकायला निघालेल्या बाईने आपली शृंगारपेटीच बरोबर घेतली होती. पाच वर्षांनी तिची भाची बॅट-गर्ल होऊन आली आणि रॉबिनच्या मागे लागली.

हे हसून सोडून द्यायला हरकत नाही. पण ती पर्स तिथे आली कशी, हे शोधायला गेलं की सुपरहिरो कॉमिक्सच्या इतिहासातली एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. बॅटवुमनवर एक कामगिरी होती आणि ती कथेत कुठेही लिहिलेली नाही. बॅटमन आणि रॉबिन एकमेकांचे प्रियकर नाहीत, याची साक्ष द्यायला तिला आणलं होतं. कॉमिक्सचे बहुतेक अभ्यासक तिच्याकडे असंच पाहतात, आणि सालं जुळवून पाहिली की दुसरं काही मनात येतही नाही.

दोनच वर्षांपूर्वी, 1954 मध्ये, फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आलं होतं. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्या ओघात वर्थम बॅटमनच्या, म्हणजे वेन यांच्या, हवेलीत शिरतो. श्रीमंत तरुण, त्याच्या आश्रयाला असलेला पोरगा, सेवेला बटलर, मोठमोठ्या फुलदाण्यांत फुलं. दोन समलिंगी पुरुषांनी एकत्र राहण्याचं स्वप्न बघावं ते असंच, असा निर्वाळा त्याने दिला. वंडर वुमनलाही त्याने याच पिंजऱ्यात उभं केलं. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सवर सुनावण्या घेतल्या आणि वर्थमने तिथे साक्ष दिली.

वर्थमला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण माणूस तेवढा सरळ नाही. 1946 मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात लाफार्ग क्लिनिक सुरू केलं होतं. ज्या काळ्या रुग्णांना इतरत्र कुणी दारात उभं करत नसे, त्यांच्यावर तिथे 25 सेंटमध्ये मानसोपचार होत. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर काय आघात होतो, याबद्दलची त्याची साक्ष अशा शाळांविरुद्धच्या खटल्यात उपयोगी पडली. असा माणूस फुलदाणीतल्या फुलांवरून दोघांचा लैंगिक कल ठरवून मोकळा होतो, याचं नवल वाटतं. त्याची खासगी कागदपत्रं 2010 मध्ये अभ्यासकांना खुली झाली आणि कॅरोल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक ती तपासायला बसल्या. 2012 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की वर्थमने रुग्णांची विधानं जुळवून घेतली होती, काही गाळली होती. बॅटमन-रॉबिनवर मन जडलेल्या तरुणांचा दाखला त्याने दिला होता. पण टार्झन आणि सबमरिनर हे नायक आपल्याला जास्त आवडतात, असंही ते म्हणाले होते. तो भाग पुस्तकात नाही. उघड्या अंगाच्या टार्झनवर मात्र कुणी सुनावणी घेतली नाही!

घाबरलेल्या प्रकाशकांनी 1954 च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःहून कॉमिक्स कोड नावाची आचारसंहिता अंगावर घेतली. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात तिचा छोटा शिक्का नसेल, तर वितरक अंक उचलायला तयार नसत. या नियमांनी रक्तपिपासू पिशाच्चं, लांडगा-माणसं आणि चालती प्रेतं हद्दपार केली. त्याच यादीत ‘लैंगिक विकृती’ होती. ती दाखवायची नाहीच, तिचा आडून निर्देशही करायचा नाही. पुढे 1971 मध्ये नियम सैल झाले आणि ड्रॅक्युलाच्या गणगोताला पुन्हा प्रवेश मिळाला. समलिंगी माणसांना मात्र 1989 च्या दुरुस्तीपर्यंत ताटकळावं लागलं. म्हणजे माणसाचं रक्त पिणाऱ्याला जी परवानगी मिळाली, ती पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला मिळायला आणखी 18 वर्षं जावी लागली.

आता खरी गंमत सुरू होते. बंदी घातल्याने गोष्ट नाहीशी होत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. पण चित्रांतून सांगितलेल्या गोष्टीत बंदीचा एक वेगळाच परिणाम होतो.

कॉमिक्सच्या चौकटीत जागा फार थोडी असते. कादंबरीकार एखाद्या माणसाची ओळख करून द्यायला तीन पानं घेऊ शकतो. चित्रकाराकडे दोन इंच असतात. डॉक्टर म्हटलं की गळ्यात स्टेथोस्कोप, चोर म्हटलं की दाढीचे खुंट. कॉमिक्स कलेचा मोठा जाणकार विल आयस्नर याने साच्यांचा वापर ही या माध्यमाची शापित गरज असल्याचं म्हटलं होतं. साचा वाईट, पण त्याच्याशिवाय वाचकाला माणूस ओळखायचा कसा? त्यातून सुपरहिरोंचं जग आणखी अवघड. तिथे सगळ्यांची शरीरं सारखीच, छात्या सारख्याच रुंद, कपडे सारखेच घट्ट. समलिंगी असणं शरीरावर कुठेच दिसत नाही. शब्दांत सांगायला मनाई. मग चित्रकार सांगणार कुठून? मनगटातून. तमाशात नाच्याने बोर्डावर येऊन नुसता हात मुरडला की मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही सगळं कळतं. अमेरिकी चित्रकाराने तीच युक्ती वापरली: हात मनगटात झुकवला, भुवई उंचावली, पोशाख भडक केला. नियम शब्दशः पाळला गेला आणि खूण पोहोचली.

म्हणून मला वाटतं, कॉमिक्समधल्या समलिंगी पात्रांचे साचे पूर्वग्रहातून जेवढे आले, तेवढेच या बंदीतूनही आले. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याला खुणांनीच उभं करावं लागतं, आणि खुणा ठरलेल्याच असतात. पूर्वग्रह होताच, बंदीने त्याला चित्रकाराच्या हाताला लागलेलं वळण करून टाकलं.

याचा सगळ्यात झगझगीत नमुना 1988 चा. डीसी प्रकाशनाच्या ‘मिलेनियम’ या मालिकेत एक्स्ट्रान्यो नावाचा पेरू देशातला जादूगार आला. खरं नाव ग्रेगोरियो दे ला वेगा. लेखक स्टीव्ह एंगलहार्ट, चित्रकार जो स्टॅटन. झगमगीत कपडे, दागिने, नाटकी हातवारे, आणि स्वतःचा उल्लेख तो ‘मावशी’ म्हणावं तशा थाटात करायचा. खुणांची एवढी रेलचेल असूनही तो समलिंगी आहे, असं त्या पानांवर कुणी एकदाही सरळ म्हणत नाही. पुढे ‘न्यू गार्डियन्स’ या मालिकेत त्याची गाठ हिमो-गॉब्लिनशी पडते. हा खलनायक म्हणजे वर्णवर्चस्ववाद्यांनी घडवलेलं, एड्स पसरवणारं पिशाच्च. पुढे एक्स्ट्रान्योला एचआयव्ही असल्याचं निघतं. 1971 मध्ये परत आलेलं पिशाच्च आणि अजून नाव घ्यायला बंदी असलेला माणूस यांची भेट झाली ती अशी.

त्याच काळात मार्वलच्या घरी याहून विचित्र प्रकार चालला होता. नॉर्थस्टार हा कॅनडाच्या ‘अल्फा फ्लाइट’ या चमूतला अतिवेगवान नायक 1979 मध्ये ‘एक्स-मेन’च्या अंकात प्रथम दिसला. चित्रकार-लेखक जॉन बर्न याने तो समलिंगी असल्याचं आधीपासून मनात धरलं होतं, पण उघड लिहायची सोय नव्हती. नॉर्थस्टारला फक्त मुलींमध्ये रस नसायचा, एवढंच. बर्ननंतर बिल मँट्लो लिहायला आला. त्याने नॉर्थस्टारला खोकला लावला, अशक्तपणा आणला. त्याचा रोख एड्सकडे होता. ऐन वेळी वरून चाक फिरलं आणि 1987 मध्ये वाचकांना कळलं की नॉर्थस्टार आणि त्याची जुळी बहीण मुळात अर्धे परीलोकातले आहेत आणि आजाराचं मूळ तिथे आहे. इंग्रजीत परीचं नाव घेऊन समलिंगी पुरुषाला हिणवतात, हे लक्षात घेतलं की या उलाढालीवर हसावं की कपाळावर हात मारावा, कळत नाही.

त्याआधीची एक नोंद जास्त कडू आहे. कोडचा अंमल स्वस्त रंगीत अंकांवर होता, मोठ्या आकाराच्या मासिकांवर नव्हता. 1980 च्या ‘द हल्क!’ मासिकात, म्हणजे जिथे लेखकाचे हात मोकळे होते तिथे, मार्वलच्या अगदी सुरुवातीच्या उघड समलिंगी पुरुषांपैकी दोघे दिसले. वायएमसीएच्या न्हाणीघरात ते हल्कचं माणूसरूप असलेल्या ब्रूस बॅनरवर बलात्कार करायची धमकी देतात. कथा लिहिली होती मार्वलचा मुख्य संपादक जिम शूटर याने. मोकळीक मिळाल्यावर पहिलं पाऊल पडलं ते भक्षकाच्या साच्यात. बंदी उठली की साचा आपोआप मोडतो, या भाबड्या समजुतीला हा अंक चांगलं उत्तर आहे.

आणि 1992 चा ‘अल्फा फ्लाइट’ क्रमांक 106 हे दुसरं. लेखक स्कॉट लॉबडेल. लढाईच्या धुमश्चक्रीत नॉर्थस्टारला कचऱ्यात टाकलेली एक तान्ही मुलगी सापडते. तिला एड्स आहे. तो तिला आपलंसं करतो, वर्तमानपत्रं हळहळतात. मग मेजर मेपललीफ नावाचा निवृत्त नायक चवताळून रुग्णालयावर चालून येतो, कारण त्याचा स्वतःचा समलिंगी मुलगा एड्सने गेला तेव्हा कुणी अश्रू ढाळले नव्हते. दोघांची हाणामारी होते, भिंती कोसळतात आणि ठोसे देता-घेता नॉर्थस्टार आपण समलिंगी असल्याचं सांगून टाकतो. शेवटी ती मुलगी मरते. अंक हातोहात खपला, मोठ्या वृत्तपत्रांनी दखल घेतली. आज वाचताना तो बटबटीत वाटतो. संवाद तर भाषणांसारखे आहेत. पण मेपललीफचा राग खरा आहे. निष्पाप बाळासाठी रडणारा समाज समलिंगी मुलासाठी का रडत नाही, हा प्रश्न विचारण्याची हिंमत तेव्हा फार थोड्या ठिकाणी होती. पण मार्वलला तो धीर टिकवता आला नाही. दोन वर्षांनी नॉर्थस्टारची स्वतंत्र छोटी मालिका आली आणि तिच्यात या गोष्टीचा उल्लेखच नव्हता.

या सगळ्या गदारोळात एक प्रसंग मला फार आवडतो, आणि तो अगदी शांत आहे. 1991, ‘फ्लॅश’ क्रमांक 53, लेखक विल्यम मेसनर-लोब्ज. फ्लॅश आणि पूर्वी खलनायक असलेला पाइड पायपर गप्पा मारतायत. फ्लॅश सहज विचारतो, तो जोकर समलिंगी आहे म्हणतात, खरं का? प्रश्न अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. पाच वर्षांपूर्वी फ्रँक मिलरच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये ओठ रंगवलेला जोकर बॅटमनला लाडिक हाका मारत होता. पायपर सांगतो की नाही, तो क्रूर आहे, मनोविकृत आहे, त्याला माणसाच्या भावना असतील असंच वाटत नाही. मग तो म्हणतो की माझ्या ओळखीतला समलिंगी असलेला एकमेव माजी खलनायक मीच. फ्लॅशची तारांबळ उडते. ना ठोसे, ना एड्स, ना मरण. नायकाच्या, आणि त्याच्याबरोबर वाचकाच्या, डोक्यातला साचा दोन मित्रांच्या बोलण्यात उघडा पडतो. मेपललीफच्या साऱ्या कोसळलेल्या भिंतींपेक्षा या पानाची किंमत मी जास्त धरतो.

कोडचा धाक ओसरत गेला. 2001 मध्ये मार्वलने आणि 2011 मध्ये डीसीने शिक्का टाकून दिला. पण साचे हट्टी असतात. आता नवा साचा मरणाचा होता. 2005 मध्ये नॉर्थस्टारला मारलं, तेही मेंदूचा ताबा गेलेल्या वुल्व्हरिनच्या हातून. तो नंतर परतला, कारण कॉमिक्समध्ये मरणं कायमचं नसतं. 2012 मध्ये ग्रीन लँटर्न म्हणजे अ‍ॅलन स्कॉट नव्या अवतारात समलिंगी असल्याचं वाजतगाजत जाहीर झालं. अगदी सुरुवातीच्याच अंकांत तो आगगाडीत प्रियकर सॅमला लग्नाची मागणी घालतो आणि पुढच्याच क्षणी गाडीचा स्फोट होऊन सॅम संपतो. ओळख करून द्यायची आणि लगेच सरणावर चढवायचं. प्रेयसीला मारून नायकाला चेतवण्याची खोड कॉमिक्सला जुनीच आहे. गेल सिमोन या लेखिकेने 1999 मध्ये अशा बळींची यादीच केली होती. पण मरणारी नायिका एक असली, तरी मागे शेकडो जिवंत असतात. समलिंगी पात्र सगळ्या अंकांत मिळून एखादंच असे, त्यामुळे ते मेलं की त्याची सगळी जमातच गेल्यासारखी वाटे.

साचा का मोडत नव्हता, याचं उत्तर इथे आहे. एकुलत्या एका पात्रावर सगळ्यांचा भार पडतो. तो बायकी दाखवला तर सगळे बायकी, पीडित दाखवला तर सगळे पीडित, सद्गुणी दाखवला तर सगळे कंटाळवाणे. लेखक कितीही चांगला असला तरी एका माणसाकडून ही कसरत होत नाही. दुसरा, तिसरा, दहावा यावा लागतो. मग एक भांडखोर असू शकतो, एक भित्रा, एक सरळ मूर्ख.

1998 नंतर तसं घडायला लागलं. वॉरन एलिस आणि ब्रायन हिच यांचे अपोलो आणि मिडनायटर घ्या. एक सूर्याच्या शक्तीवर उडणारा देखणा, दुसरा काळ्या कातड्यातला रात्रीचा मारेकरी. सुपरमॅन आणि बॅटमनच, फक्त नावं वेगळी, आणि एकमेकांवर प्रेम करणारे. वर्थमचा आरोप लेखकाने नाकारलाच नाही. हो म्हणून टाकलं. 2002 मध्ये त्यांचं लग्नही लागलं. 2005 च्या ‘यंग अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये विकन आणि हल्कलिंग ही दोन पोरं आली, लाजरीबुजरी, एकमेकांवर लट्टू. त्यांच्या चुंबनाचं एक चित्र 2019 मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरातल्या पुस्तकमेळ्यात महापौरांच्या नजरेस पडलं आणि त्यांनी ते पुस्तक हटवायचा हुकूम काढला. परिणाम ठरलेलाच. प्रती संपल्या, ‘फोल्हा’ या मोठ्या दैनिकाने ते चित्र पहिल्या पानावर छापलं, फेलिपे नेटो या यूट्यूबरने अशा विषयांवरची 14,000 पुस्तकं विकत घेऊन फुकट वाटली. वर्थमच्या शिष्यांना अजून कळलेलं नाही की मनाई ही सर्वांत चांगली जाहिरात आहे.

आणि ती पर्सवाली बाई? 1964 मध्ये संपादकांनी तिला रजा दिली होती. 2006 मध्ये डीसीने बॅटवुमन पुन्हा आणली. आता ती केट केन, ज्यू, लाल केसांची, आणि समलिंगी. ग्रेग रुका आणि जे. एच. विल्यम्स यांनी तिची पूर्वकथा सांगितली. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतली हुशार विद्यार्थिनी. समलिंगी असल्याची तक्रार येते. खोटं बोलली तर वाचेल. खोटं बोलणार नाही या तिथल्याच शपथेला जागून ती खरं सांगते आणि बाहेर पडते. बॅटमन समलिंगी नाही हे सिद्ध करायला जिला आणलं, तीच 50 वर्षांनी समलिंगी म्हणून उभी राहिली. हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने ओढूनताणून आणलाय म्हणून काटला असता. अर्थात 2013 मध्ये तिचं लग्न लावू न दिल्यामुळे विल्यम्स मालिका सोडून गेला. नायकांना सुखाचा संसार नसतो, हे डीसीचं स्पष्टीकरण. बॅटमनच्या बाबतीत ते खरं आहे, पण ऐकायला फारसं पटत नाही.

2021 मध्ये तर तिसरा रॉबिन, टिम ड्रेक, बर्नार्ड नावाच्या मित्राबरोबर फिरायला जायला तयार झाला. म्हणजे रॉबिनबद्दल वर्थमचा अंदाज अखेर खरा ठरला, फक्त 67 वर्षांनी आणि दुसऱ्याच मुलाबरोबर! त्याच वर्षी मूळचा म्हातारा अ‍ॅलन स्कॉट आपल्या मोठ्या झालेल्या मुलांना समोर बसवून आपलं गुपित सांगतो. त्यांतला मुलगा, ऑब्सिडियन, स्वतः समलिंगी. बापाने मुलाजवळ अशी कबुली देण्याचा प्रसंग याआधीच्या कुठल्या साच्यात बसला नसता. एक्स्ट्रान्योसुद्धा 2016 मध्ये स्टीव्ह ऑर्लँडोच्या ‘मिडनायटर अँड अपोलो’मध्ये परतला: गंभीर, विद्वान, जोडीदाराबरोबर राहणारा मांत्रिक. त्याचा नखरा पूर्ण पुसलेला नाही, आणि ते बरं झालं. नखरेल माणसंही जगात असतात. त्यांना अडगळीत टाकून फक्त पिळदार, रांगडे समलिंगी नायक उभे केले, तर तोही साचाच.

वाचायला सुरुवात करायची असेल तर झगमगाट टाळा आणि ‘गॉथम सेंट्रल’ मालिकेतलं ‘हाफ अ लाइफ’ हे 2003 चं पाच अंकी कथानक शोधा. ग्रेग रुकाची कथा, मायकल लार्कची चित्रं. पोलीस हवालदारणीपासून डिटेक्टिव्हपदापर्यंत पोहोचलेल्या रेने मोंटोयाचा प्रेयसीबरोबरचा फोटो कुणीतरी ठाण्यातल्या फळ्यावर लावतं, आणि मग सहकारी, देवभोळे आई-वडील, शहर, सगळे कसे वागतात त्याची ही गोष्ट आहे. तिला 2004 चा आयस्नर पुरस्कार मिळाला. बॅटमन तिच्यात थोडाच वेळ दिसतो.